मुथुलक्ष्मी रेड्डींना ‘सरकारनियुक्त बाई’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांना

वैशाखी:

३० जुलैला मुथुलक्ष्मी रेड्डींची, म्हणजे इंग्रज काळात मद्रासच्या विधिमंडळात बसलेल्या डॉक्टरबाईंची, जयंती झाली. त्या दिवशी ‘कलासक्त’ यांनी इथं एक लेख टाकला. त्याचं सार असं: बाई निवडून आल्याच नव्हत्या, गव्हर्नरानं बसवल्या होत्या, देवदासी निर्मूलनाच्या नावाखाली त्यांनी दक्षिणेतली एक अख्खी नृत्यपरंपरा संपवली, आणि ज्या बायकांसाठी हे केलं त्यांना विचारलंसुद्धा नाही. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग. मी तिथंच दोन ओळी लिहिणार होते, पण दोन ओळींत मावणारा राग नव्हता.

आधी ‘नियुक्त’ हा टोमणा. मद्रास प्रांतानं १९२१ मध्ये बायकांना मत दिलं, पण कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या विधिमंडळात, बसायचा हक्क दिला नाही. तो मिळायला १९२६ उजाडलं. त्याच वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी पडल्या. मत होतं कुणाला? ज्याच्या नावावर मालमत्ता, जो सारा-पट्टी भरतो त्याला. बायकांच्या नावावर किती घरं, किती जमिनी होत्या तेव्हा? अशा यादीतून बाई निवडून आली नाही हा तिचा कमीपणा? विमेन्स इंडियन असोसिएशननं मुथुलक्ष्मींचं नाव पुढं केलं, सरकारनं नेमलं, आणि मग त्याच सभागृहानं त्यांना एकमतानं उपाध्यक्ष केलं. ही दुसरी गोष्ट लेखात नाही. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना पकडल्यावर त्यांनी राजीनामा दिला, तेही लेखात नाही. सरकारची बाहुली असं वागत नसते.

आता ‘विचारलं नाही’. मुथुलक्ष्मींच्या आई चंद्रम्माळ देवदासी घराण्यातल्या होत्या. वडील नारायणस्वामी अय्यर पुदुकोट्टईच्या महाराजांच्या कॉलेजचे प्राचार्य. मुलीला त्याच कॉलेजात घालायचं म्हटल्यावर गावात गदारोळ झाला, शेवटी महाराजांनी परवानगी दिली. १९१२ ला त्या मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. कोवळ्या वयातली बाळंतपणं, गुप्तरोग, जन्मतः आंधळी मुलं हे त्यांनी दवाखान्यात पाहिलं होतं. हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या आजोळचा होता. बाहेरून दया दाखवायला आलेली ही बाई नव्हे.

आणि कायदा. सगळे एकच कायदा धरून बसतात, समर्पणबंदीचा, म्हणजे मुली देवाला वाहायला बंदी घालणारा. मुथुलक्ष्मींनी नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यासाठी ठराव आणला, पण पहिलं प्रत्यक्ष काम झालं १९२९ मध्ये, हिंदू धार्मिक देणग्यांच्या कायद्यातली दुरुस्ती. देवदासींकडं देवळाच्या इनाम जमिनी असत आणि त्या सेवेच्या अटीवर असत. सेवा सोडली की जमीन गेली. या दुरुस्तीनं ती अट तोडली. बाईला देवळाची नोकरी सोडता येईल आणि जमीन हातात राहील. म्हणजे आधी पोटाचं पाहिलं, मग बंदीचं विधेयक आणलं. समाजसुधारणेच्या नावानं बायकांना उघड्यावर टाकणारे आपल्याकडं ढीगभर झाले. हा क्रम लावणारे फार थोडे.

समर्पणबंदीचं विधेयक त्यांनी १९३० मध्ये मांडलं. राजीनाम्यानंतर ते रखडलं आणि कायदा झाला थेट १९४७ ला. तोवर देवदासींचाच नाच, म्हणजे भरतनाट्यम, रंगमंचावर आणणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा कार्यक्रम होऊन (१९३५) आणि त्यांची नृत्यसंस्था कलाक्षेत्र सुरू होऊन दशक उलटलं होतं. मग जो कायदा अस्तित्वातच नव्हता त्यानं नाच कसा मारला, हे ‘कलासक्त’ यांनी सांगावं.

कलासक्त:

सांगतो. तुम्ही तारखा बरोबर दिल्यात, पण माणसं गाळलीत.

बंगळूर नागरत्नम्मा, देवदासी घराण्यातली गायिका. तिरुवैयारूला संगीतकार त्यागराजांची समाधी आज जी आहे ती या बाईनं स्वतःचा पैसा ओतून उभी केली. मुद्दुपळणी या तंजावरच्या कवयित्रीचं ‘राधिका सांत्वनमु’ तिनं १९१० मध्ये छापलं आणि इंग्रज सरकारनं ते अश्लील ठरवून जप्त केलं. मुद्दुपळणी कुणाच्या दरबारात होती? तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह भोसले यांच्या. म्हणजे हा आपल्याशी असंबद्ध असलेला मद्रासी विषय नाही. तर ही नागरत्नम्मा आणि तिच्या बरोबरीच्या देवदासींनी मुथुलक्ष्मींच्या ठरावाविरुद्ध संघटना उभी केली, सरकारला निवेदनं दिली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला वेश्यांच्या ओळीत बसवू नका, शिक्षण द्या, आमची कला आणि आमचा वारसा आमच्याकडं राहू द्या. किती ऐकलं गेलं त्यांचं?

आणि त्या १९२९ च्या जमिनीचं फार कौतुक नको. देवदासी घरांत वारसा आईकडून लेकीकडं जायचा. बाई मुलगी दत्तक घेऊ शकायची, मद्रासच्या कोर्टांनी ते बऱ्याच अंशी मानलं होतं. आपल्या मुंबई हायकोर्टानं १८८० मध्येच मथुरा नायकिणीच्या खटल्यात नायकिणींची दत्तकप्रथा बाद केली होती. हिंदू समाजात बाईच्या हातात घराची किल्ली असलेली जी थोडी घरं होती, त्यांतलं हे एक. सेवा तुटली, जमीन साधी खाजगी झाली, आणि भाऊ-मामे वाटा मागायला उभे राहिले. सुधारणेचा फायदा त्या जातीतल्या पुरुषांना झाला.

कायदा १९४७ चा असेल, पण बदनामी त्याच्या फार आधीपासून चालू होती. १९३२ मध्ये नाचाची बाजू घेणारे ई. कृष्ण अय्यर आणि मुथुलक्ष्मी यांचा वर्तमानपत्रांतला वाद झाला तेव्हाच देवळातल्या नाचाला कुणी बोलवेनासं झालं होतं. मग तोच नाच ‘शुद्ध’ करून वरच्या जातीच्या मुलींनी घेतला. ज्यांचा होता त्यांच्या लेकींना अरंगेत्रमची, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्याची, फीसुद्धा परवडत नाही. हा माझा राग आहे आणि तो मी दरवर्षी ३० जुलैला व्यक्त करणार.

सीमाभागातली:

कलासक्त, तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा. माझी चुलत आत्या यल्लमाला सोडलेली होती. डोक्यात जट आली म्हणून. आज त्वचेच्या डॉक्टरकडं नेलं असतं, तेव्हा सौंदत्तीला नेलं. गळ्यात दर्शन (देवीच्या मण्यांची माळ) बांधलं तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. पुढं डोक्यावर जग (देवीची टोपली), हातात परडी, दारोदार जोगवा. गावातला एक बागाईतदार तिला ‘ठेवून’ होता, तो म्हातारा झाल्यावर त्याच्या पोरांनी तिला घराबाहेर काढलं. रांडाव पुनवेला बांगड्या फोडताना मी तिला पाहिलंय. नवरा कधीच नसलेल्या बाईनं वैधव्याचं सोंग करायचं.

कसली कला आणि कसली घराची किल्ली? चौंडकं छान वाजवायची ती, हे मात्र खरं. पण ते चौंडकं वाजवायला तिला कुणी विचारून बसवलं नव्हतं. तुमच्या नागरत्नम्मांना निवेदन लिहिता येत होतं. माझ्या आत्याला सहीसुद्धा येत नव्हती.

कलासक्त:

ताई, तुमच्या आत्याबद्दल मी काही बोलूच शकत नाही. पण सौंदत्तीची जोगतीण आणि तंजावरच्या देवळातली नर्तकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जात वेगळी, उत्पन्न वेगळं, देवळातलं स्थान वेगळं. दोघींना एकाच शब्दात कोंबणं हीच त्या कायद्याची चूक होती, आणि तुम्ही तेच करताय.

सीमाभागातली:

वेगळ्या होत्या, मान्य. आमच्याकडं सोडलेल्या पोरी बहुतेक दलितांच्या, हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. १६ जून १९३६ ला बाबासाहेबांनी मुंबईत दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, मुरळ्या, देवदासी यांच्यासमोर भाषण केलं. हे जिणं सोडा, लग्न करून संसार करा, असं तोंडावर सांगितलं. कुणी ‘आमची परंपरा’ म्हणालं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं याची कल्पना करा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९२० मध्येच कायदा केला, मुरळ्यांसाठी विठ्ठल रामजी शिंद्यांनी जिवाचं रान केलं. तेही कलेचे मारेकरी म्हणायचे का?

आणि त्या तुमच्या तंजावरच्या बाजूच्याच मूवलूर रामामिर्तम अम्मैयार. स्वतः त्या धंद्यात ढकलल्या गेलेल्या, नंतर पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीत गेल्या आणि उभं आयुष्य ही प्रथा मोडायला दिलं. ‘त्या बायकांना विचारलं नाही’ म्हणताना तुम्ही फक्त नागरत्नम्मांना विचारता. रामामिर्तम यांना का नाही विचारत? त्या गाणं-नाचणं शिकल्या नव्हत्या असं थोडंच आहे.

वऱ्हाडी_माणूस:

दोन्ही बाजू मद्रासवर भांडतायत. आपल्या अनसूयाबाई काळे कुणाला आठवतात का? मध्य प्रांताच्या कौन्सिलात १९२८ ला नियुक्त, १९३० ला राजीनामा, १९३७ ला निवडून येऊन मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत उपसभापती, पुढं नागपूरच्या खासदार. मुथुलक्ष्मींच्या नावानं तमिळनाडूत गरोदर बायकांना मदतीची सरकारी योजना चालते, त्यांचा जन्मदिवस तिथं हॉस्पिटल डे म्हणून पाळतात. आमच्याकडं अनसूयाबाईंचं नाव मुंबई-पुण्याच्या एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. पुण्याबाहेर सुधारणा झालीच नाही असा समज आहे या राज्यात. हे मी मागंही लिहिलं होतं, तेव्हा एकानंही उत्तर दिलं नाही.

वैशाखी:

वऱ्हाडी, अनसूयाबाईंवर तुम्हीच लिहा, मी पहिली वाचेन. पण इथं नको.

कलासक्त, भाऊ-मामे वाटा मागायला आले हे खरं आहे. तेवढं मी मानते. पण मग दोष वारसाहक्काच्या हिंदू कायद्याला द्या, ज्यात लेकीला काही नव्हतं. जमीन देवळाच्या दावणीला बांधलेली ठेवली असती तर ती बाईची राहिली असती म्हणता, पण बाई कुणाची राहिली असती?

दुष्काळी_पट्टा:

मला एकच कळत नाही. ‘नियुक्त होत्या पण चांगलं काम केलं’ हे किती दिवस चालवायचं? नेमणूक ती नेमणूक. आज महिला राखीव जागांवर काय चाललंय बघा. गावागावात सरपंचपती. बाई घरात भाकऱ्या थापते, नवरा ग्रामपंचायतीत खुर्चीवर. १९९३ पासून हे नाटक चालू आहे, २०११ ला आपल्या राज्यानं ५० टक्के करून ते आणखी वाढवलं. वरून मिळालेली जागा बाईला मोठं करत नाही. मुथुलक्ष्मींचं उदाहरण अपवाद.

कोरी_पाटी:

दुष्काळी, माझी आई त्या ‘नाटकात’ होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या गावचं सरपंचपद महिला राखीव निघालं. सोडतीची चिठ्ठी निघाली त्या रात्री आमच्या ओसरीवर पुरुष बसून ठरवत होते की कुणाची बायको उभी करायची. आई आत चहा करत होती. तिचं नाव निघालं ते ती शांत आहे, वाद घालणार नाही म्हणून. पहिलं वर्ष तुम्ही म्हणता तसंच गेलं. सही आईची, बोलणं बाबांचं, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरीसुद्धा बाबांनीच ओढली. आईला प्रोसिडिंग बुकात काय लिहिलंय हे माहीत नसायचं, कारण ते पुस्तक ग्रामसेवकाच्या पिशवीत असायचं.

मग नळयोजनेच्या कामात पाइप कमी जाडीचे आले. वस्तीवरच्या बायका आमच्या दारात आल्या, बाबांकडं नाही, आईकडं. सही तुझी आहे, तू सांग, म्हणाल्या. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा प्रोसिडिंग बुक घरी मागवलं आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. पुढच्या मासिक सभेला ती स्वतः खुर्चीवर बसली. बाबा महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. सदस्यांनी अविश्वास ठराव आणला, तो पडला, कारण दोन बाया फुटल्या नाहीत.

वरून मिळालेल्या जागेनं तिला मोठं केलं नाही, बरोबर. पण त्या सहीमुळं तिच्या दारात प्रश्न आला. चिठ्ठी निघाली नसती तर ती आजही आत चहा करत असती.

दुष्काळी_पट्टा:

तुमच्या आईंना नमस्कार. पण एका आईवरून धोरण ठरत नाही.

कोरी_पाटी:

आणि तुम्ही किती सरपंचपती मोजून धोरण ठरवलंत? पुरुष सरपंचाच्या मागं त्याचा कंत्राटदार मेहुणा असतो, त्याला कुणी ‘सरपंचमेहुणा’ म्हणत नाही.

जुना_वाचक:

इथं एक अडचण आहे जी दोघांनाही आवडणार नाही. खुद्द मुथुलक्ष्मी राखीव जागांच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या. १९३३ मध्ये राजकुमारी अमृत कौर, बेगम हमीद अली आणि मुथुलक्ष्मी या तिघी लंडनला ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीपुढं साक्षीला गेल्या. महिला संघटनांची मागणी होती सरसकट प्रौढ मताधिकाराची, आणि राखीव जागा नकोत. उलट बाजूनं राधाबाई सुब्बरायन म्हणत होत्या की जागा राखून ठेवल्या नाहीत तर बायका आत येणारच नाहीत. १९३५ च्या कायद्यानं राखीव जागा दिल्याच. पुढं घटनासमितीत हंसा मेहतांनीही राखीव जागा नकोत असंच सांगितलं. तेव्हा कोरी_पाटी, तुमच्या आईची बाजू राधाबाईंनी मांडली होती, मुथुलक्ष्मींनी नाही.

दुष्काळी_पट्टा:

हेच तर मी म्हणतोय! त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं.

कोरी_पाटी:

नीट वाचा. त्या मागत होत्या प्रत्येक बाईला मत. ते इंग्रजांनी दिलं नाही. मिळालं ते मालमत्ता, शिक्षण किंवा नवऱ्याच्या पात्रतेवर. १९५१-५२ ला सगळ्यांना मत मिळालं, राखीव जागा नव्हत्या, आणि लोकसभेत बायका किती आल्या? बोटांवर मोजाव्या इतक्या. मुथुलक्ष्मी आणि हंसाबेन यांचा अंदाज चुकला. त्यांना वाटलं दार उघडलं की बायका आपोआप आत येतील. चाळीस वर्षं वाट पाहून शेवटी पंचायतींत बायकांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती करावी लागली. लोकसभेसाठी २०२३ ला कायदा केला आणि तोही जनगणना, मतदारसंघांची फेररचना याला बांधून ठेवला. माझ्या आईला राधाबाई सुब्बरायन हे नावही माहीत नाही, पण आजपासून आमच्या घरात ते नाव घेतलं जाईल.

दुष्काळी_पट्टा:

नावं घेऊन होत नाही काही. जिल्हा परिषदेत जाऊन बसा एक दिवस, अध्यक्षीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसतो ते बघा.

कोरी_पाटी:

त्याला उठवायचं कुणी? अधिकाऱ्यांनी. सभेत नवऱ्याला बसू देणारा अधिकारी पुरुषच असतो बहुतेक वेळा. त्याला तुम्ही एक शब्द बोलत नाही. सगळा राग त्या बाईवर. तुम्हाला सरपंचपती खुपत नाही, सरपंच बाई खुपते.

दुष्काळी_पट्टा:

वैयक्तिक बोलू नका. माझ्या बहिणीला पक्षानं तिकीट नाकारलं, कारण वॉर्ड राखीव झाला तेव्हा नेत्याच्या सुनेला द्यायचं होतं. पंधरा वर्षं कार्यकर्ती म्हणून राबलेली बाई घरी बसली आणि जिला वॉर्डाची हद्द माहीत नाही ती नगरसेविका झाली. राखीव जागा कार्यकर्त्या बायकांना मिळत नाहीत, घराण्यांना मिळतात. हे डोळ्यांनी पाहून मी बोलतोय.

कोरी_पाटी:

हे आधी लिहिलं असतंत तर निम्मं भांडण वाचलं असतं. घराण्यांचं म्हणणं खरं आहे. पण वॉर्ड खुला असता तर ते तिकीट नेत्याच्या मुलाला गेलं असतं, तुमच्या बहिणीला नव्हे.

सीमाभागातली:

धागा देवदासींचा होता. सरपंच आणि नगरसेविका करता करता पुन्हा एकदा त्या बायका मागं पडल्या. १९३४ ला मुंबई प्रांतानं कायदा केला, १९८२ ला कर्नाटकानं केला, महाराष्ट्रानं नवा केला २००५ मध्ये. दर वेळी जुना कायदा असताना नवा का लागतो? कारण कायदा पोरीला वाचवायला येतो आणि तोवर सोडलेल्या बाईचं काय, हे कुणी बोलत नाही. सत्तरच्या दशकापासून गडहिंग्लज-निपाणीकडं परिषदा, मोर्चे निघाले ते याच मागणीसाठी: पेन्शन, घर, मुलांच्या दाखल्यावर बापाच्या नावाची सक्ती नको. मुथुलक्ष्मींनी १९३० च्या सुमारास अव्वै होम काढलं, कारण त्या घरांतून निघून आलेल्या मुलींना वसतिगृहात कुणी घेईना. कायदा व्हायच्या सतरा वर्षं आधी छप्पर उभं केलं. कलासक्त, तुम्हाला त्यांच्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणा, पण आमच्या तालुक्यात असं एक घर असतं तर आत्या तिथं गेली असती.

कलासक्त:

अव्वै होमबद्दल मी कधीच वाईट बोललो नाही. अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटबद्दलही नाही. बहीण कॅन्सरनं गेली म्हणून बाईंनी ते मनावर घेतलं आणि १९५४ मध्ये उभं केलं. माणूस म्हणून त्या मोठ्या होत्याच. लेखात ते यायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल तर ठीक, घालतो.

पण माझा मूळ मुद्दा कुणी खोडलेला नाही. सुधारक म्हणाले ही प्रथा वाईट, रसिक म्हणाले ही कला चांगली, आणि दोघांनी मिळून त्या बाईला बाजूला केलं. सुधारकांनी तिला घर दिलं, रसिकांनी तिचा नाच घेतला. तिनं मागितलं होतं ते दोन्हीतलं काहीच नव्हतं. तिला शिकायचं होतं आणि नाचायचंही होतं. देवदासी घराण्यातल्या नर्तकी बालसरस्वती हट्टानं टिकल्या म्हणून आपल्याला निदान कळलं की काय गेलं.

वैशाखी:

‘तिनं मागितलं होतं’ म्हणताना पुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर एकच बाई आहे. सीमाभागातली यांच्या आत्यानं काय मागितलं असतं, रामामिर्तम यांनी काय मागितलं, नागरत्नम्मांनी काय मागितलं, ही तीन वेगळी उत्तरं आहेत. विधिमंडळात बसलेल्या बाईला त्यातून एक मसुदा काढायचा होता, तोही अशा सभागृहात जिथं सत्यमूर्तींसारखे काँग्रेसचे मोठे पुढारी परंपरेच्या बाजूनं उभे होते. नागरत्नम्मांना बोलावून ऐकायला हवं होतं, यात शंका नाही. ते झालं नाही आणि ते मला टोचतं. पण ते ऐकून घेतलं असतं तरी मी १९२९ ची दुरुस्ती आधी आणि बंदी नंतर, हाच क्रम धरला असता.

लेखात दुरुस्ती कराल तेव्हा एकमतानं झालेली उपाध्यक्षपदाची निवड आणि राजीनामा, दोन्ही घाला. आणि ‘सरकारनियुक्त बाई’ हे शीर्षक काढा.

कलासक्त:

उपाध्यक्षपद, राजीनामा, अव्वै होम घालतो. शीर्षक राहील.

वऱ्हाडी_माणूस:

अनसूयाबाईंवर नवा धागा काढलाय. तिथं सरपंचांवर भांडू नका.